वऱ्हाडचीं अपुरीं राहिलेलीं माणसें

गोष्ट एकदम न सांगतां हप्त्याहप्त्यानें सांगावी, ऐकणाराला आज अर्धपोटीं उठवावें आणि उद्यां पुन्हां पानावर बोलवावें, ही युक्ति जुनी आहे. पुराणिकबुवांस ती ठाऊक होती, मासिकांच्या संपादकांस ठाऊक होती, आणि आज दूरचित्रवाणीच्या वाहिन्या तर तिच्यावरच जगतात. अमरावतीची अंबापेठ घ्या, कीं अकोल्याची जठारपेठ घ्या, दिवेलागणीनंतर घरोघर एखादी मालिका चालू असते. आणि तिच्यासंबंधानें घरच्या मंडळींत जें बोलणें होतें, तें वाङ्मयाच्या अध्यापकानें कान देऊन ऐकावें असें असतें. कथानक लांबलें, योगायोग फार झाले, या तक्रारी नेहमींच्याच. परंतु अधूनमधून एखादी आजीबाई निराळेंच बोलून जाते : “त्या धाकल्या जावेचं काईच केलं नाई त्याईनं, बाई चांगली होती.” पात्र चांगलें होतें, पण त्याचें कांहीं केलें नाहीं, हा आक्षेप मोठमोठ्या टीकाकारांस सुचत नाहीं, आणि सुचला तरी इतक्या थोड्या शब्दांत मांडतां येत नाहीं.

या आक्षेपाचा अर्थ मात्र नीट केला पाहिजे. दुर्दैवी पात्र निराळें आणि अपुरें पात्र निराळें. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत हप्त्यांनीं निघाली. तिच्यांतील यमूच्या वाट्यास जें आलें त्याहून वाईट दैव कल्पिणें कठीण. तरी यमू अपुरी नाहीं. तिच्या मनांत जें जें होतें तें तें तिनें आपल्या तोंडानें आपल्याला सांगितलें आहे. उलट पक्षीं, गोष्ट अपुरी राहिली म्हणून माणूस अपुरा राहतोच असेंहि नाहीं. हरिभाऊंच्याच ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या पुऱ्या झाल्या नाहींत. राम गणेश गडकऱ्यांचें ‘राजसंन्यास’ १९१९ मध्यें त्यांच्या मृत्यूमुळें तसेंच राहिलें. पण त्यांतील संभाजी जेवढा दिसतो तेवढा भरीव दिसतो. अपुरें पात्र आम्ही त्याला म्हणतों, कीं ज्याला लेखकानें जन्म दिला, बोलतें केलें, वाचकांच्या मनांत ज्याच्याविषयीं कुतूहल उत्पन्न केलें, आणि मग ज्याच्याकडून एकच काम पुन्हां पुन्हां करवून घेतलें. हुशार गडी घरांत ठेवावा आणि त्याला जन्मभर पाणीच भरावयास लावावें, तशांतला हा प्रकार.

अशा पात्रांचा माग काढूं लागलों म्हणजे आपण वऱ्हाडांत येऊन पोंचतों, आणि तेंहि एकदां नव्हे, दोनदां. पण त्याच्या अगोदर या प्रांतांतील एका भाग्यवान् उदाहरणाची आठवण केली पाहिजे. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें म्हाइंभटानें इ. स. १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. तो धर्मग्रंथ आहे, करमणुकीची गोष्ट नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु लहान लहान लीळांची माळ, तींच तींच माणसें पुन्हां पुन्हां येणें, आणि प्रत्येक वेळीं त्यांची ओळख थोडी वाढणें, हा त्याचा घाट हप्त्यांच्या गोष्टीचाच आहे. त्यांतील महदाइसा पाहा. ती प्रश्न विचारते. उत्तर पटलें नाहीं तर पुन्हां विचारते. रुसते, चुकते, सेवा करते. आणि हीच बाई पुढें ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या सोहळ्यांत धवळे रचून गाते. पहिल्या लीळेंतली महदाइसा आणि शेवटल्या लीळेंतली महदाइसा यांत एका आयुष्याचें अंतर आहे. लीळांचा क्रम बदलला तर तें अंतर हरवेल. हप्त्यांनीं वाढणाऱ्या पात्राची हीच आमच्या मतें खरी कसोटी : हप्त्यांचा क्रम उलटा करून पाहावा. कांहीं बिघडलें नाहीं, तर पात्र वाढलेंच नव्हतें असें समजावें.

आतां सहाशें वर्षें ओलांडून कोल्हटकरांकडे येऊं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे जन्मानें नागपूरचे, शिक्षणानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे, पण उदरनिर्वाहानें वऱ्हाडचे. १८९७ मध्यें कायद्याची परीक्षा उतरल्यावर त्यांनीं अकोला, खामगांव आणि जळगांव-जामोद येथें वकिली केली. नाटककार म्हणून त्यांचें नांव ‘वीरतनय’ (१८९६) आणि ‘मूकनायक’ (१९०१) यांनीं महाराष्ट्रभर झालें होतें. १९०२ मध्यें ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत त्यांचा ‘साक्षिदार’ हा विनोदी लेख आला, आणि मराठी वाचकांची तीन गृहस्थांशीं ओळख झाली : सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या. हे तिघे पुढें कितीतरी वेळां त्याच मासिकाच्या पानांवर येत राहिले. कधीं शिमग्याच्या निमित्तानें, कधीं श्रावणीच्या. एकदां तर चोरांचें संमेलन भरलें आणि सभासंमेलनांच्या आमच्या हौसेची पुरती शोभा झाली. पुढें बत्तीस लेखांचा संग्रह ‘सुदाम्याचे पोहे अर्थात् साहित्यबत्तिशी’ या नांवानें निघाला. महिन्यामहिन्यानें भेटणारीं, वाचकांच्या ओळखीचीं झालेलीं, नांवानिशीं लक्षांत राहिलेलीं विनोदी माणसें मराठींत यापूर्वीं नव्हतीं. आजच्या मालिकांची वंशावळ कोणी लिहूं लागला, तर मूळपुरुषाच्या जागीं या तिघांस बसवावें लागेल. आणि मूळगांव म्हणून वऱ्हाडांतील एका वकिलाची बैठक लिहावी लागेल.

या तिघांत काय नव्हतें? सुदामा रूढीचा असा कैवार घेतो, कीं त्या कैवारानेंच रूढि उताणी पडावी. बंडूनाना आणि पांडूतात्या त्याचे सोबती. युक्तिवादांत कोणी हार जाणारा नाहीं, आणि कृतीची वेळ आली म्हणजे तिघांचीहि तारांबळ. अशा माणसांच्या पोटांत काय दडलेलें असतें, हें वऱ्हाडांतल्या कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं चार दिवस राहणारास कळतें. अभिमानाच्या खालीं भीति असते. भीतीच्या खालीं, आपण काळाच्या मागें पडलों अशी अंधुक जाणीव असते. आणि सगळ्यांच्या तळाशीं एकमेकांवांचून करमत नाहीं असा जुना स्नेह असतो. एका तरी लेखांत बंडूनाना घरीं एकटा बसला आहे, सुदामा आज आला नाहीं, आणि त्याला आपल्या बोलण्याचा कंटाळा आला आहे, असें दिसावें अशी आमची फार इच्छा आहे. तसें होत नाहीं. घरादाराचा उल्लेख येतो तोहि बहुधा कोटीच्या सोयीसाठीं. बत्तीस लेख उलट्या क्रमानें वाचावे. बंडूनाना जसाच्या तसा राहतो. हंसूं तेवढेंच येतें, हें खरें. आणि तें पुष्कळ येतें, हेंहि खरें.

याचा दोष कोल्हटकरांच्या बुद्धीकडे देणें हास्यास्पद होईल. त्यांच्याइतका कल्पक लेखक त्या पिढींत दुसरा नव्हता. गडकऱ्यांसारख्यानें त्यांना गुरु मानलें तें उगीच नव्हे. कारण निराळें आहे. त्यांना माणसें नको होतीं, हत्यारें हवीं होतीं. केशवपन, सोंवळें-ओंवळें, हुंडा, ढोंग यांवर घाव घालावयाचा होता, आणि घाव घालतांना हत्याराच्या मनांत काय चाललें आहे हें कोणी पाहत नाहीं. त्या काळीं तो घाव आवश्यक होता. आमच्या पणज्यांच्या पिढीला त्याचा उपयोग झाला, हें कबूल करून मगच ही तक्रार करावयाची आहे.

दुसरें कारण आम्हांस अधिक टोचतें, कारण तें आमच्या प्रांताचें आहे. वकिलाच्या कानावर दररोज काय पडत असणार? जळगांव-जामोदच्या कोर्टांत येणारा कुणबी, माळी, आंध, तेली, त्याची जबानी, बांधाच्या भांडणाची, कपाशीच्या सौद्याची, सावकाराच्या खतांची हकीकत, आणि ती सगळी वऱ्हाडी बोलींत. ‘साक्षिदार’ या नांवाचा लेख लिहिणाऱ्या वकिलाच्या लेखणींत ती बोली उतरावी, अशी अपेक्षा करणें फाजील नव्हे. परंतु सुदामा आणि त्याचे मित्र पुण्यास बोलावें तसें बोलतात; इतकेंच नव्हे, तर तिघेहि श्रीपाद कृष्णांसारखे बोलतात. कोल्हटकरांच्या नाटकांतील बरींचशीं पात्रें तर काल्पनिक राजधान्यांत वावरतात. तेथें बोलीचा प्रश्नच उरत नाहीं. हेंच अमरावतीच्या वीर वामनराव जोशांविषयीं म्हणतां येईल. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ (१९१३) आणि ‘रणदुंदुभि’ (१९२७) लिहिणारा हा देशभक्त, तुरुंगवास भोगलेला, सभा गाजविणारा माणूस. त्यानें स्वातंत्र्याचा अग्नि प्रेक्षकांच्या उरांत पेटविला, पण तो पेटवावयास त्यालाहि कल्पित राज्येंच लागलीं. वऱ्हाडांत बसून नाटकें लिहिलीं गेलीं. वऱ्हाड मात्र प्रेक्षकांत बसून राहिलें.

पुढची परंपरा थोडक्यांत सांगतों. गडकऱ्यांनीं ‘बाळकराम’ या नांवानें गुरूची रीत पुढें चालविली. ठकीच्या लग्नाच्या मोहिमेंत तिंबूनाना, बाळकराम आणि मंडळी यांनीं महाराष्ट्राला पोट धरून हंसविलें. पण जिच्यासाठीं ही सगळी धांवपळ, त्या ठकीला काय वाटत होतें हें कोणींच विचारलें नाहीं. अपुऱ्या पात्रांच्या यादींत तिचें नांव फार वरचें लागेल. मग बडोद्याचे चिंतामण विनायक जोशी आले, आणि १९३३ मध्यें ‘चिमणरावांचें चऱ्हाट’ निघालें. येथें मात्र फरक पडला. चिमणरावाला संसार मिळाला. काऊ आली, मोरू आला, मैना आली. गुंड्याभाऊचा दांडगेपणा आणि चिमणरावाचा भित्रेपणा एकमेकांस सांभाळून घेऊं लागले. सुधारणेचा मुद्दा नसला तरी चिमणराव घरांत असतोच, आणि घरांत असतो म्हणूनच तो जगतो. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्यें सुरू झालें. त्या दशकाच्या अखेरीस मराठींतील आरंभींच्या मालिकांत ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ पडद्यावर आली, आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं तीं माणसें पुन्हां घरोघर नेलीं. घरोघर म्हणजे मुंबई-पुण्याकडे. तें प्रक्षेपण त्या वेळीं वऱ्हाडापर्यंत पोंचत नव्हतें. बंडूनाना-पांडूतात्यांचा वंशज पडद्यावर आला, आणि त्याच्या आजोळच्या लोकांना तो दिसला नाहीं!

एकविसाव्या शतकांत वाहिन्या वऱ्हाडांत आल्या, आणि वऱ्हाडी बोलीहि वाहिन्यांवर गेली. कशी गेली तें पाहिलें पाहिजे. प्रथम ती हंसविण्यासाठीं गेली. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनीं २०१४ मध्यें सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमांतून तिची लज्जत सबंध महाराष्ट्राला चाखविली. तें यश त्यांचें आहे आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु बोली ऐकल्याबरोबर श्रोत्यानें हंसावयास तयार व्हावें, ही संवय एकदां लागली म्हणजे त्या बोलींत रडणें कठीण होतें, आणि विचार करणें त्याहूनहि कठीण. बडनेऱ्यास पुण्याची गाडी धरतांना आमच्या विद्यार्थिनींच्या तोंडीं जें ‘काहून’ असतें, तें पुण्यास उतरतांना ‘का’ झालेलें असतें. त्यांना कोणी शिक्षा केलेली नसते. आपण तोंड उघडलें कीं लोक विनोदाची वाट पाहतात, एवढें त्यांनीं ओळखलेलें असतें.

बोलींत वजन नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं गाडगेमहाराजांची आठवण करावी. अमरावती जिल्ह्यांतल्या शेणगांवांत जन्मलेल्या या परटाच्या मुलानें आपली बोली कधीं बदलली नाहीं. १९५६ मध्यें, मृत्यूच्या थोडे दिवस आधीं, मुंबईस वांद्रे येथें त्यांनीं केलेलें कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलें आहे. त्यांच्या कीर्तनांत लोक हंसत असत. प्रश्नामागून प्रश्न येत, श्रोते उत्तरें देत, आणि देतां देतां आपल्याच उत्तरांत सांपडत. हंसणारा आणि ज्याला हंसावयाचें तो, हे दोघे एकच आहेत, हें उमगेपर्यंत वेळ निघून गेलेली असे. मुंबईकराला ती बोली समजली, आणि ती ऐकून तो अंतर्मुखहि झाला.

त्यानंतर साठ वर्षांनीं, २२ ऑगस्ट २०१६ रोजीं, झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका सुरू झाली. तिची नायिका राधिका विदर्भकन्या, नागपूरची. (नागपूरची बोली आणि वऱ्हाडची बोली एकच नव्हे, हें अकोल्याच्या वाचकांस सांगावयास नको, पण पुण्या-मुंबईच्या कानाला तो भेद नसतो, आणि अकोल्याच्या घरांतूनहि राधिकेला ‘आपली’ म्हणूनच पाहिलें गेलें.) अनिता दाते यांनीं ही भूमिका इतक्या जिव्हाळ्यानें केली, कीं प्रथमच अशी बोली बोलणारी बाई विनोदाच्या तुकड्यापुरती न राहतां, सबंध कथेच्या मध्यभागीं उभी राहिली. नवरा गुरुनाथ दुसरीच्या नादीं लागलेला. बायको सरळ, कष्टाळू, हाताला चव असलेली. हातची चव तिनें व्यवसायांत आणली, मसाले केले, विकले, आणि मालिका पुढें सरकली तशी ती मोठी उद्योजिका झाली. ७ मार्च २०२१ रोजीं मालिका संपली तोंवर तिचें दुसरें लग्नहि झालें होतें.

एवढें मिळाल्यावर हिला अपुरी कसें म्हणतां, असें कोणी विचारील. तिची संपत्ति वाढली. माणूस वाढलें का, एवढाच आमचा प्रश्न आहे. गुरुनाथ कट रचतो, राधिका तो उधळते, गुरुनाथ दुसरा रचतो. हें चक्र साडेचार वर्षें फिरत राहिलें. या चक्रांतले मधले शेंपन्नास भाग पुढेंमागें केले तर काय बिघडेल? मालिकेचें नांवच पाहा. त्यांत नवरा आहे, त्याची दुसरी बायको आहे. नायिका ‘माझ्या’ या एका सर्वनामापुरती आहे. जिनें गृहोद्योगांतून कारखाना उभा केला, तिला पहिल्या कर्जाच्या वेळीं काय वाटलें असेल? हाताखालीं बायका कामाला ठेवतांना, आपण एकेकाळीं कोण होतों हें आठवून तिची जीभ जड झाली असेल, कीं तिखट? नागपूरच्या माहेरीं गेल्यावर मैत्रिणी तिच्याशीं पूर्वींसारख्या बोलल्या असतील का? मालिकेला या प्रश्नांत गोडी नव्हती; कारण दर आठवड्यास प्रेक्षकसंख्येचे आंकडे येतात, आणि आंकडे भांडणास चढतात, विचारास चढत नाहींत. लेखकमंडळी रोजचा भाग रोज पुरवितात; त्यांची दया येते. कोल्हटकरांना निदान महिन्याची उसंत होती.

तरीहि दोघांच्या अपुरेपणांत एक विलक्षण भेद आहे. बंडूनाना वऱ्हाडांत घडला, पण त्याला वऱ्हाडची वाणी दिली नाहीं. राधिकेला वाणी दिली. पण तिच्यामागची भूमि काढून घेतली. तिचा सूर विदर्भाचा, आणि तिचें घर, तिचे शेजारी, तिचीं संकटें, सर्व मुंबईच्या चाळणींतून गाळलेलें. कपाशीचा भाव पडला म्हणून तिच्या माहेरीं कधीं चूल गार पडली नाहीं. ती जें खातें उघडते त्याला गांव नाहीं.

भूमि आणि वाणी दोन्ही एकत्र आल्यावर काय होतें, हें मात्र आम्हांस कल्पनेनें सांगावें लागत नाहीं. परतवाड्यास जन्मलेले गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनीं १९५७ मध्यें ‘पूर्णामायचीं लेकरं’ लिहून रस्ता दाखविला. आणि १९६० मध्यें उद्धव शेळके यांची ‘धग’ आली. तिच्यांतील कौतिक ही एका शिंप्याची बायको. नवरा महादेव कामाचा आळशी, पुढें महारोगानें ग्रासलेला. पदरीं भीमा, नामा, यसोदा. आणि घरांत दाणा नाहीं. कौतिक मजुरीस जाते, उसनवारी करते, भांडते, कोणाच्या दारीं मान खालीं घालते आणि परत येतांना ती वर करते. ती सबंध वेळ वऱ्हाडी बोलते, आणि वाचकास एकदांहि हंसूं येत नाहीं. किंवा येतें तेव्हां तें कौतिकलाच आलेलें असतें, आपण तिच्याबरोबर हंसतों. आमची कसोटी तिला लावून पाहा. एक प्रकरण जागचें हलवितां येत नाहीं. दारिद्र्य तिला एकेका पानागणिक झिजवितें, आणि त्याच पानांवर ती वाढत असते. शेवटीं ती मोडते. यमूप्रमाणेंच दुर्दैवी, आणि यमूप्रमाणेंच पुरी.

या कौतिकचें गांव तळेगांव. शेळके लहानपणीं ज्या तळेगांव-ठाकूरला वाढले तें अमरावती जिल्ह्यांतच, तिवशाच्या बाजूस आहे. मालिकांसाठीं कथानकें शोधणारी मंडळी मुंबईहून निघालीं, तर रात्रीच्या गाडीनें सकाळीं बडनेऱ्यास उतरतील, आणि जेवणवेळेच्या आंत तेथें पोंचतील.